राजीनामा दिलेला ॲडमिरल

नौदल अधिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पांढरा शुभ्र गणवेश, गळ्यात दुर्बीण, समोर खवळलेला समुद्र आणि साहेब ब्रिजवर ताठ उभे. मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे तो या चित्रात बसत नाही. त्यानं दोन्ही महायुद्धं पाहिली, ब्रिटिश नौदलात ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोचला, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं काम डोव्हरच्या कड्याच्या पोटातल्या बोगद्यात, टेलिफोन आणि कागदांच्या ढिगाऱ्यात बसून झालं. नाव बर्ट्रम रॅम्से. आणि हो, मधे एकदा त्यानं चक्क राजीनामा दिला होता. माझा सगळा लेख त्या राजीनाम्याबद्दल आहे असं समजा.

का लिहितोय तेही सांगतो. आपल्याकडे प्लॅनिंग, शेड्यूलिंग, लॉजिस्टिक्स असले शब्द काढले की लोक जांभया देतात. मी प्रॉडक्शनचा विद्यार्थी. कॉम्प्युटरवाले मित्र आमच्या विषयांना प्रेमानं 'कारकुनी' म्हणतात. इंजिनिअर म्हणजे काहीतरी 'बनवणारा'. कोणतं काम कोणी, कधी, कुठे करायचं हे कागदावर मांडणारा म्हणजे हेडक्लार्क. ही समजूत किती पोकळ आहे हे मला रॅम्सेच्या चरित्रात जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्याही टेक्स्टबुकात दिसलं नाही.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो. जन्म १८८३. नौदलात दाखल १८९८ मध्ये, म्हणजे आपण दहावीच्या क्लासला सायकल दामटतो त्या वयात. १९०३-०४ मध्ये सोमालीलँडची मोहीम. मग 'ड्रेडनॉट' या नव्या युद्धनौकेवर नेमणूक, जिच्यामुळे जगातली बाकी सगळी मोठी जहाजं एका रात्रीत जुनाट ठरली. मात्र माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट १९१३ सालची. त्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नेव्हल वॉर कॉलेजात स्टाफ ऑफिसरचं शिक्षण घ्यायला गेला. ब्रिटिश नौदलाला तोवर असं काही शिकवायचं असतं हेच फारसं मान्य नव्हतं. कप्तान शूर असला, दर्यावर्दी असला की झालं! लढाईची योजना आखायला वेगळी माणसं लागतात, प्रमुखानं फक्त हेतू सांगायचा आणि तपशील स्टाफनं पुरे करायचे, ही कल्पना तिथे नवीन होती. अशा पहिल्यावहिल्या शिकलेल्या स्टाफ ऑफिसरांपैकी रॅम्से एक.

पहिल्या महायुद्धात त्याला 'डिफेन्स' या क्रूझरवर ॲडमिरल आर्बथनॉटचा फ्लॅग लेफ्टनंट म्हणून बोलावणं आलं होतं. त्यानं नाही म्हटलं. पुढे ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत 'डिफेन्स' सगळ्या माणसांसकट बुडाली. (नशीब नावाची गोष्ट असते ती अशी.) रॅम्सेकडे आलं 'एम-२५' नावाचं एक ठेंगणं, संथ, एक मोठी तोफ बसवलेलं मॉनिटर जहाज. बेल्जियमच्या किनाऱ्यासमोर हळूहळू फिरायचं आणि किनाऱ्यावरच्या जर्मनांवर गोळे टाकायचे. दोन वर्षं हेच. नंतर १९१७ मध्ये 'ब्रोक' ही विनाशिका मिळाली, डोव्हर पेट्रोलमधली. मे १९१८ मध्ये ऑस्टेंड बंदराचं तोंड बंद करायचा दुसरा प्रयत्न झाला, त्यात 'ब्रोक' होती. यात सिनेमा काढण्याजोगं फार नाही. पण डोव्हर ते ऑस्टेंड या पट्ट्यातले प्रवाह, उथळ वाळू, धुकं, पाणसुरुंग हे सगळं या माणसाच्या अंगात मुरलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता राजीनामा.

१९३५ साली रॅम्से रिअर ॲडमिरल झाला आणि होम फ्लीटचा प्रमुख ॲडमिरल रॉजर बॅकहाउस याचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून गेला. दोघांची जुनी ओळख, त्यामुळे सगळं छान जमायला हवं होतं. पण बॅकहाउस होता कष्टाळू, आणि तो कष्टाळूपणाच नडला. प्रत्येक कागद स्वतः वाचायचा, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट स्वतः ठरवायची. चीफ ऑफ स्टाफला काम काय, तर काही नाही! रॅम्सेनं वॉर कॉलेजात जे शिकलं आणि १९२७ ते १९२९ मध्ये शिक्षक म्हणून दुसऱ्यांना शिकवलं, त्याच्या नेमकं उलट. त्यानं समजावून पाहिलं. जमलं नाही. डिसेंबर १९३५ मध्ये, नेमणूक होऊन काही महिनेच झाले असताना, त्यानं पद सोडलं.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. समुद्रावरची जागा नाही, अर्ध्या पगारावर बसायचं, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये निवृत्तांच्या यादीत नाव. वय पंचावन्न. बायको, दोन लहान मुलगे. त्याच सुमारास बॅकहाउस मात्र फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलातल्या सर्वोच्च जागेवर पोचला. सगळं स्वतः करणाऱ्याला बढती आणि 'मला माझं काम करू द्या' म्हणणाऱ्याला घरचा रस्ता! (बॅकहाउसबद्दल वाईट बोलायचं नाही. तो मेंदूच्या गाठीनं जुलै १९३९ मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या आधीच वारला.)

हा किस्सा कँटीनमध्ये सांगितला तेव्हा एक मित्र म्हणाला, "ॲटिट्यूड रे त्याचा. दोन वर्षं गप काढली असती तर काय बिघडलं असतं?" हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आमच्या होस्टेलचा एक सिनियर गेल्या वर्षी एका कंपनीतली नोकरी सोडून आला. पॅकेज चांगलं होतं. पण त्याचा बॉस एक्सेलच्या शीटलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. हा दिवसभर मीटिंगला बसायचा, चहा प्यायचा, घरी यायचा. चौदा महिन्यांनी त्यानं राम राम ठोकला. आता गावी गेला की मामा विचारतात, "काय रे, काढलं का तुला?" आई शेजाऱ्यांना सांगते की तो 'पुढच्या परीक्षांची तयारी' करतोय. इंटरव्ह्यूत तर पहिलाच प्रश्न, ही गॅप का? चौदा महिने काहीही न करता खुर्चीत बसला होता, ती गॅप कोणाला दिसत नाही. बायोडेटात ती 'अनुभव' या रकान्यात जाते.

माझं मत असं की रॅम्सेचा राजीनामा हा रागाचा झटका नव्हता, तो तांत्रिक मतभेद होता. पूल बांधताना डिझाइन चुकीचं आहे असं दिसलं तर इंजिनिअरनं सही करू नये असं आपल्याला शिकवतात. पण कामाची रचना चुकीची असेल तर? तिथे सगळे म्हणतात, ॲडजस्ट कर. रॅम्सेच्या लेखी ताफा कसा चालवायचा याची रचना ही तोफेच्या डिझाइनइतकीच ठोस गोष्ट होती. एका माणसाच्या टेबलावरून जाणारा कागदांचा प्रवाह युद्धात तुंबणार, हे त्याला दिसत होतं. प्रॉडक्शनच्या भाषेत बॉटलनेक, दुसरं काय.

मग आलं १९३९. युद्ध तोंडावर आल्यावर ऑगस्ट महिन्यात त्याला परत बोलावलं आणि डोव्हरचा ताबा दिला. जुनं पाणी, जुनी वाळू. डोव्हरच्या किल्ल्याखाली नेपोलियनच्या काळात खोदलेले बोगदे आहेत, तिथे त्याचं कार्यालय. त्यातल्या एका खोलीत पूर्वी वीज तयार करणारा डायनॅमो होता, म्हणून पुढच्या मोहिमेला 'ऑपरेशन डायनॅमो' नाव पडलं असं सांगतात. इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

डंकर्कची गोष्ट तुम्हाला साधारण माहीत असेल. मे १९४० मध्ये जर्मन रणगाड्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा समुद्राकडे रेटत आणल्या. सुरुवातीचा अंदाज असा की दोन दिवसांत फार तर ४५,००० माणसं बाहेर काढता येतील. आता प्रत्यक्षात रोज किती निघाली ते आकडे बघा. २७ मे: ७,६६९. २८ मे: १७,८०४. २९ मे: ४७,३१०. ३० मे: ५३,८२३. ३१ मे: ६८,०१४. १ जून: ६४,४२९. मग दिवसाउजेडी जहाजं पाठवणं अशक्य झालं आणि शेवटचे तीन दिवस रोज साधारण २६,०००. एकूण ३,३८,२२६. हा आलेख वहीत काढून बघा. पाच दिवसांत जवळजवळ नऊपट! चमत्कार म्हणतात याला लोक. मला चमत्कार हा शब्द आवडत नाही, कारण तो वापरला की पुढे विचार करावा लागत नाही.

पहिली अडचण रस्त्याची. डोव्हरहून डंकर्कला जवळची वाट ३९ सागरी मैलांची. पण कॅले पडलं आणि ती वाट तिथल्या तोफांच्या टप्प्यात आली. दुसरी वाट होती ८७ मैलांची, दुपटीपेक्षा लांब. म्हणजे तेवढ्याच जहाजांत खेपा निम्म्यावर. मग मधल्या पाणसुरुंगांतून साफसफाई करून ५५ मैलांची तिसरी वाट काढली. कोणतं जहाज कोणत्या वाटेनं, कुठल्या भरतीला, कोळसा-तेल कुठे भरणार, उतरलेल्या माणसांना डोव्हरहून आगगाड्या कोणत्या, हे सगळं त्या बोगद्यातून चालू होतं. माणसं खुर्चीतच झोपत होती.

दुसरी अडचण चढण्याची. किनारा इतका उथळ की मोठं जहाज जवळ येऊच शकत नाही. गुडघाभर, कमरेभर, छातीभर पाण्यात रांगा लावून सैनिक उभे, आणि होड्यांतून पंधरा-वीस जण उचलून जहाजावर नेणं चाललेलं. रॅम्सेनं कॅप्टन विल्यम टेनंट याला १२ अधिकारी आणि १६० खलाशी देऊन २७ तारखेला तिकडे धाडलं. टेनंटनं बंदराच्या पूर्वेकडची लाटा अडवायची भिंत पाहिली. समुद्रात सव्वा किलोमीटरच्या वर गेलेली, वर लाकडी पायवाट, जेमतेम तीन-चार माणसं शेजारी चालतील एवढी. तिला जहाज लावायचं अशी कल्पना बांधणाऱ्यानं केलीच नव्हती. टेनंटनं रात्री एक फेरी जहाज तिला लावून पाहिलं. लागलं! ते जहाज परतताना बॉम्ब पडून बुडालं, त्यातल्या सैनिकांना दुसऱ्या जहाजानं उचललं, पण प्रयोग सिद्ध झाला होता. शेवटी हिशेब झाला तेव्हा बंदर आणि त्या भिंतीवरून गेलेली माणसं सुमारे २,३९,०००, उघड्या किनाऱ्यावरून सुमारे ९९,०००.

छोट्या खाजगी होड्यांची कहाणी सुंदर आहे, ती खोटी मुळीच नाही. किनाऱ्यावरून मोठ्या जहाजापर्यंत माणसं पोचवायला त्या नसत्या तर हाल झाले असते. पण माणसं पलीकडे नेली ती मुख्यतः विनाशिकांनी आणि प्रवासी फेरी जहाजांनी, आणि ती वेळेवर तिथे असण्यामागे बोगद्यातले कागद होते. नोलनचा 'डंकर्क' २०१७ मध्ये आला, त्यात भिंतीवर उभा अधिकारी आहे, पण रॅम्से नाही. त्याच वर्षीच्या 'डार्केस्ट अवर'मध्ये तो थोडासा दिसतो. नोलनच्या सिनेमात आपली खेचरवाली माणसंही नाहीत. फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेबरोबर हिंदुस्थानातून गेलेल्या खेचर-कंपन्या होत्या, त्यांतली काही माणसं डंकर्कहून निघाली आणि एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि कोणीतरी लिहायलाच हवा.

माझ्या मुद्द्याचं बोलायचं तर, भिंतीचा निर्णय रॅम्सेनं घेतलाच नाही. टेनंटनं जागेवर घेतला. बॅकहाउस पद्धतीनं चाललं असतं तर टेनंटनं आधी डोव्हरला विचारलं असतं, डोव्हरनं नकाशा मागवला असता, आणि तोवर २८ तारीख उलटली असती. रॅम्सेनं टेनंटला काम दिलं, माणसं दिली आणि हात मोकळे ठेवले. १९३५ साली तो ज्यासाठी भांडला होता ते हेच!

इथे कोणी हुशार वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. कारण पुढे १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरायच्या वेळी हाच रॅम्से सगळ्या दोस्त नौदलांचा प्रमुख होता, आणि त्यानं काढलेले हुकूम इतके जाडजूड आणि बारीक होते की अमेरिकन ॲडमिरल कर्कनं तक्रार केली. अमेरिकन पद्धत अशी की वरून फक्त काय करायचं ते सांगतात, कसं ते खालच्यानं ठरवायचं. मग रॅम्सेच बॅकहाउस झाला की काय?

मला तसं वाटत नाही. त्या रात्रीची रचना बघा. जवळजवळ ७,००० लहानमोठी जहाजं. ती इंग्लंडच्या वेगवेगळ्या बंदरांतून निघून वाइट बेटाच्या दक्षिणेला एका वर्तुळात जमणार (खलाशांनी त्याला लंडनच्या चौकाचं नाव ठेवलं, पिकॅडिली सर्कस), आणि तिथून दक्षिणेला पाणसुरुंग काढून साफ केलेल्या दहा अरुंद वाटांनी जाणार. किनारे पाच, प्रत्येकाला दोन वाटा, एक जलद जहाजांची, एक संथ. अंधारात, दिवे बंद, वायरलेस बंद. त्यात हवामानामुळे ५ जूनचा बेत एक दिवस पुढे ढकलला आणि निघालेले ताफे परत फिरवावे लागले. इथे प्रत्येकानं आपापल्या कल्पनेनं चालायचं ठरवलं असतं तर जर्मनांची गरजच नव्हती. जे सगळ्यांना सामायिक आहे, म्हणजे वाट, वेळ आणि क्रम, ते एकदा पक्कं लिहून टाकायचं. आणि जे एका जागेचं आहे ते त्या जागेवरच्या माणसावर सोडायचं. रेल्वेचं टाइमटेबल काटेकोर असतं म्हणून ड्रायव्हरची अक्कल काढून घेतली असं कोणी म्हणत नाही. शिवाय हे हुकूम एकट्या रॅम्सेनं रात्री जागून लिहिले नव्हते, त्याच्या स्टाफनं लिहिले होते. कर्कचा वैताग मला समजतो, एवढा गठ्ठा कोण वाचणार! पण ६ जूनच्या पहाटे ती दहा वाटांची वाहतूक चालली, हे उत्तर पुरेसं आहे.

आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये नेमकं उलटं असतं. एक टॉपर सगळा कोड लिहितो, बाकी तिघे स्पायरल बाइंडिंग करून आणतात, आणि व्हायवाला एक्स्टर्नलनं तिसऱ्याला विचारलं की तो टॉपरकडे बघतो. त्या टॉपरला कोणी दोष देत नाही, उलट सर कौतुक करतात, "बिचारा एकटा ओढतोय." कामाची वाटणी करायला येत नाही हा त्याचा दोष आहे असं एकदा तरी मार्कांत दिसायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉर्मंडीतली मलबेरी नावाची तरंगती बंदरंही इथे आठवतात. काँक्रीटच्या प्रचंड पेट्या इंग्लंडमध्ये ओतून, समुद्रातून ओढत नेऊन पलीकडे बुडवून उभं केलेलं बंदर. सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावं. १९ जूनच्या वादळात अमेरिकन किनाऱ्यावरचं मोडलं, आरोमाँशचं टिकलं. ती ओढून नेऊन उभी करायची जबाबदारी होती टेनंटकडे. तोच, भिंतीवाला. चार वर्षांपूर्वी बंदर नव्हतं म्हणून त्यानं लाटांच्या भिंतीला जहाजं लावली होती. आता तो बंदरच बरोबर घेऊन गेला.

आणि एक गंमत सांगायची राहिली. डंकर्क झालं, १९४२ ची उत्तर आफ्रिकेची मोहीम झाली, १९४३ ची सिसिली झाली, तोवर सरकारी कागदोपत्री हा माणूस 'निवृत्त'च होता! त्याचं नाव सक्रिय अधिकाऱ्यांच्या यादीत परत घातलं ते एप्रिल १९४४ मध्ये, नॉर्मंडीला जेमतेम सहा आठवडे असताना. आठ वर्षांपूर्वीच्या एका राजीनाम्याचा हिशेब नौकरशाहीनं इतका लांबवला.

त्याचं ऐकलं गेलं नाही अशीही एक वेळ आली, आणि ती डंकर्कइतकीच शिकवणारी आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त फौजा इतक्या वेगानं पुढे धावल्या की पेट्रोल, दारूगोळा, पाव सगळं शेकडो किलोमीटर मागून, नॉर्मंडीकडून ट्रकांनी आणावं लागत होतं. ४ सप्टेंबरला अँटवर्पचं भलंमोठं बंदर जवळपास धक्का न लागता हाती आलं. सगळे खूश. पण अँटवर्प समुद्रावर नाही, शेल्ट नदीच्या खाडीतून सुमारे ८० किलोमीटर आत आहे, आणि खाडीचे दोन्ही काठ जर्मनांकडे. रॅम्सेनं आदल्याच दिवशी, ३ तारखेला, तार करून बजावलं होतं की शत्रू ही वाट सुरुंग पेरून अडवू शकतो आणि तसं झालं तर बंदर उघडायला किती काळ लागेल सांगता येणार नाही. माँटगोमेरीचं लक्ष ऱ्हाइन नदीच्या पुलांकडे होतं. पूल पकडणं, पॅराशूटनं उड्या मारणं, त्यात थरार आहे. खाडीतला गाळ आणि सुरुंग यात कसला थरार? पुलांची मोहीम आर्नहेमला फसली. खाडी साफ करायची लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली, त्यात दोस्तांचे १२,८७३ सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले, जवळजवळ निम्मे कॅनडाचे. पहिला मालवाहू ताफा अँटवर्पला लागला २८ नोव्हेंबरला, बंदर हाती आल्यावर बारा आठवड्यांनी. माँटगोमेरीनं पुढे आत्मचरित्रात ही आपली चूक होती असं कबूल केलं. म्हणजे लॉजिस्टिक्स कारकुनी आहे असं मानणारे आमच्या कँटीनमध्येच आहेत असं नाही, फील्ड मार्शलही होते.

रॅम्सेला ते आत्मचरित्र वाचायला मिळालं नाही. २ जानेवारी १९४५ ला तो पॅरिसजवळच्या विमानतळावरून ब्रसेल्सला निघाला होता, त्याच माँटगोमेरीशी बैठक होती. विमान उडताच कोसळलं, आतलं कोणी वाचलं नाही. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. पॅरिसच्या पश्चिमेला सँ-जर्मेन-आँ-ले इथे त्याची कबर आहे. डोव्हरच्या किल्ल्यावर त्याचा पुतळा बसला तो २००० साली. बोगदे आता पर्यटकांना दाखवतात, तिकीट काढून आत जाता येतं.